लाकडावरच्या खपली-बुरश्या : रानात ओळख कितपत पटते?

पावसाळ्यात कुजू लागलेली फांदी उलटी करून पाहिली, की खालच्या अंगाला पांढरा, पिवळट, विटकरी नाहीतर करडा थर पसरलेला दिसतो. छत्री नाही, देठ नाही. कुणाच्या हातून रंग सांडला असावा असे वाटते. बहुतेक माणसे ‘बुरा आलाय’ म्हणून फांदी टाकून देतात. झाडे, पक्षी, फुलपाखरे आणि अलीकडे अळंब्यासुद्धा नावानिशी सांगणारे हौशी अभ्यासक याच थरापाशी येऊन अडतात.

अशा चपट्या बुरश्यांना या लेखात सोयीसाठी खपली-बुरश्या म्हटले आहे. त्यांची ओळख रानात, सूक्ष्मदर्शकावाचून पटू शकते का, हा प्रश्न जुना आहे. कुणी सांगतो, ‘अजिबात नाही.’ कुणी म्हणतो, ‘काहींची पटते, आणि तेवढी पुरते.’ कुणाच्या मते आता सूक्ष्मदर्शकही अपुरा आहे, डीएनएशिवाय बोलूच नये. या सगळ्या भूमिका आज कुठे येऊन पोचल्या आहेत, याचा हा आढावा.

विषयाची व्याप्ती

खपली-बुरश्या गदाकवकांच्या मोठ्या गटातल्या. गदेच्या आकाराच्या सूक्ष्म पेशींच्या टोकाला बहुधा चार बीजाणू धरायचे, ही या गटाची खूण. छत्रीवाल्या अळंबीत या पेशी छत्रीखालच्या पात्यांवर असतात. खपली-बुरशीत सगळा थर लाकडाला चिकटलेला असतो आणि बीजाणू धरणारे अंग बाहेरच्या बाजूला उघडे असते. ते गुळगुळीत असेल, सुरकुतलेले असेल, त्याला चामखिळी किंवा बारीक दाते असतील. छिद्रांचे अंग असलेल्या चपट्या बुरश्या परंपरेने वेगळ्या मोजल्या जातात, पण ही सीमारेषा निसर्गाला फारशी ठाऊक नाही.

रानातली पहिली पायरी नाव सांगण्याची नसून वगळण्याची असते. झाडाच्या बुंध्यावर किंवा ओल्या भिंतीवर नारिंगी मखमल दिसली तर ती बहुधा ट्रेन्टेपोलिया हे शैवाल असते. करड्या-हिरव्या खपल्या अनेकदा दगडफुलांच्या जातकुळीतल्या. काळा, कोळशासारखा कडक थर असेल आणि भिंगाखाली त्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसत असतील, तर तो हायपोझायलॉन किंवा बिस्कोग्निऑक्सिया यांसारखा धानीकवक. त्याचा खपली-बुरशीशी फार दूरचा संबंध. श्लेष्मकवकांचे थरही फसवतात, पण ते एकदोन दिवसांत रूप बदलतात. छत्री धरणाऱ्या किंवा फळीसारख्या बाहेर येणाऱ्या बुरश्यांची कोवळी अवस्था मात्र जाणत्यांनाही चकवते.

डोळ्यांकडून भिंगाकडे, भिंगाकडून रेणूंकडे

स्वीडनच्या एलिआस फ्रीसने 1821 ते 1832 या काळात ‘सिस्टेमा मायकोलॉजिकम’ प्रसिद्ध करून बुरश्यांच्या वर्गीकरणाचा पाया घातला. त्याची पद्धत उघड्या डोळ्यांची होती. बीजाणू धरणारे अंग गुळगुळीत असेल तर एक गट, दातेरी असेल तर दुसरा, छिद्रांचे असेल तर तिसरा. म्हणजे त्या काळी रानातली ओळख आणि शास्त्रातली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

फ्रेंच अभ्यासक लेव्हेये याने 1837 मध्ये गदापेशींचे नीट वर्णन केले आणि फूट पडायला सुरुवात झाली. शतकाच्या शेवटी, 1900 मध्ये, नार्सिस पातुयारने सूक्ष्म रचनेवर आधारलेली मांडणी पुढे आणली. एकाच गुळगुळीत थराच्या पोटात अगदी निरनिराळ्या पेशी दडलेल्या असतात, हे आता लपत नव्हते. 1928 मध्ये बूर्दो आणि गालझँ यांचा फ्रान्समधल्या बुरश्यांवरचा ग्रंथ आला. बूर्दो धर्मगुरू आणि गालझँ सैन्यातला पशुवैद्य. या क्षेत्रात पगारी शास्त्रज्ञांपेक्षा अशा निष्ठावंत हौशी मंडळींनी किती काम उपसले आहे, याची ही जोडी उत्तम साक्ष आहे.

विसाव्या शतकाचा उत्तरार्ध स्कँडिनेव्हियाचा. जॉन एरिकसन याने उत्तर स्वीडनमधल्या मुद्दुस राष्ट्रीय उद्यानातल्या बुरश्यांचा अभ्यास 1958 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्याने, लाइफ रिवार्डन आणि इतर सहकाऱ्यांनी मिळून उत्तर युरोपातल्या खपली-बुरश्यांवर आठ खंड काढले, 1973 ते 1988 या काळात. गंमत अशी, की पहिला खंड, म्हणजे प्रस्तावना आणि ओळखीची कोष्टके, दुसऱ्या खंडाच्या कित्येक वर्षांनी आला. तोवर वाचकांनी दुसऱ्या खंडापासूनच वाट काढली. यातली सूक्ष्म रचनेची रेखाचित्रे आजही प्रमाण मानली जातात. या खंडांनी एक गोष्ट पक्की केली: खपली-बुरशीचे नाव सूक्ष्मदर्शकाखाली ठरते.

मग डीएनए आला. कार्ल-हेन्रिक लार्सन याच्या 2007 च्या निबंधात या बुरश्यांच्या 41 भक्कम शाखा कुळे म्हणून मांडल्या गेल्या. एकेकाळी हे सगळे कॉर्टिसिएसी या एकाच कुळात कोंबलेले असे. स्टेरियम आणि पेनिओफोरा या प्रजाती निघाल्या रुसुला नावाच्या छत्रीवाल्या अळंब्यांच्या नात्यातल्या, सर्पुला आणि कोनिओफोरा बोलेटसच्या गणातल्या, टोमेंटेला तिसऱ्याच गणातली. एका ओंडक्यावर शेजारी-शेजारी पसरलेल्या दोन पांढऱ्या थरांचे नाते, त्यांतल्या एकाच्या छत्रीवाल्या अळंबीशी असलेल्या नात्यापेक्षा दूरचे असू शकते. चपटेपणा हे रूप आहे, वंश नव्हे, आणि रानात डोळ्यांना दिसते ते रूप. वादाचे मूळ इथे आहे.

रानात हाताशी काय असते

दहापट भिंग, धारदार सुरी, कागदी पुड्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे पाच टक्क्यांचे द्रावण असलेली ड्रॉपरची बाटली आणि वही, एवढ्या सामानावर माहीतगार माणूस बरेच काही वाचू शकतो. तो रंगाकडे सगळ्यात शेवटी पाहतो. नवशिका नेमका तिथून सुरुवात करतो.

आधी लाकूड. झाड कोणते, फांदी झाडावर आहे की जमिनीवर, साल शिल्लक आहे का, कूज पांढरी की तपकिरी. पांढऱ्या कुजेत लिग्निन खाल्ले जाते आणि लाकूड तंतुमय, फिके होते. तपकिरी कुजेत सेल्युलोज जाते आणि लाकडाला चौकोनी भेगा पडून त्याची ढेकळे होतात. बहुसंख्य खपली-बुरश्या पांढरी कूज करतात. त्यामुळे तपकिरी ढेकळांवर थर दिसला, की शक्यतांची यादी एकदम आखडते.

मग चिकटण्याची तऱ्हा. काही थर नखाने पापुद्र्यासारखे सोलून निघतात, काही मेणासारखे लाकडात मुरलेले असतात, काही कोळ्याच्या जाळ्याइतके विरळ. कड पाहावी: झालरीसारखी पसरत गेलेली, एकदम तुटलेली, की सुकून उचललेली. युरोपात ओकच्या मेलेल्या बारीक फांद्यांवर येणारी पेनिओफोरा क्वेर्सिना ओली असताना फुगलेली, मेणचट, जांभळट दिसते. सुकली की गुलाबी-करडी होते आणि तिच्या कडा वळून खालची काळपट बाजू उघडी पडते. एका दुपारच्या उन्हाने तिचा अवतार पालटतो. ज्याने तिला फक्त पावसात पाहिले आहे, त्याला ती कोरड्या दिवसांत परकी वाटेल.

स्पर्श आणि इजा या खुणा रंगाहून भरवशाच्या. स्टेरियम प्रजातीतल्या तीन युरोपीय जाती ताज्या असताना खरवडल्या तर लाल होतात. त्यांतली सँग्विनोलेंटम सूचिपर्णी वृक्षांवर, गॉसापॅटम मुख्यतः ओकवर, रुगोसम इतर रुंद पानांच्या झाडांवर, विशेषतः हेझलवर येते आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढवते. नमुना सुकलेला असेल तर पाणी लावून थोडे थांबावे आणि मग खरवडावे. सुरीचा एक ओरखडा आणि झाडाचे नाव एवढ्यावर तिघींचा उलगडा होतो. या सगळ्या क्षेत्रात इतकी स्वच्छ कसोटी क्वचितच मिळते.

हायमेनोकीट प्रजातीचे असेच. तपकिरी थरावर द्रावणाचा थेंब टाकला की तो लगेच काळा पडतो, आणि भिंगाखाली तिरप्या उजेडात उभे राठ केस दिसतात. दोन्ही जमले तर प्रजातीबद्दल शंका उरत नाही. जात मात्र पुढची गोष्ट.

वासाकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. स्किटिनोस्ट्रोमा पोर्टेंटोसमला डांबरगोळ्यांचा उग्र दर्प येतो. जुन्या स्प्रूसच्या रानात येणाऱ्या सिस्टोस्टेरियम मुराईचा गोड सुगंध काही पावलांवरूनही जाणवतो. छायाचित्रात वास येत नाही आणि वाळलेल्या नमुन्यात तो बहुधा उरत नाही, म्हणून तो तिथेच टिपून ठेवायचा असतो.

उरला रंग. तो फसवा असला तरी काही वेळा निर्णायक ठरतो. उबदार, दमट प्रदेशांत फांद्यांच्या खालच्या बाजूला येणारी टेराना सेरुलिया इतकी गडद निळी आणि मखमली असते, की तिच्याशी गोंधळ होईल असे दुसरे जवळपास काही नाही. केंद्रापासून किरणांसारख्या सुरकुत्या पसरलेली नारिंगी फ्लेबिया रेडिएटा, ओकच्या कठीण गाभ्यावर फुटक्या फरशीसारखे तुकडे मांडणारी झायलोबोलस फ्रुस्टुलेटस याही अशाच. उलट कोंड्रोस्टेरियम पर्प्युरियमचा ताजा जांभळा रंग उडून तपकिरी उरतो, आणि स्किझोपोरा पॅराडॉक्सा आडव्या लाकडाखाली छिद्रे तर उभ्या लाकडावर फाटके दाते दाखवते. छिद्रे की दाते यावर फ्रीसने गट पाडले होते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि पांढऱ्या? गुळगुळीत, पातळ, पांढऱ्या-पिवळट थरांची संख्या सगळ्यांत मोठी आहे, आणि त्यांच्यापुढे वरच्या बहुतेक खुणा लंगड्या पडतात.

पहिली भूमिका: सूक्ष्मदर्शकावाचून नाव नाही

या मताच्या लोकांचा रोख नेमका या पांढऱ्या गर्दीवर आहे. हायफोडर्मा, हायफोडोन्शिया, झायलोडॉन, फॅनरोकीट, बोट्रिओबेसिडियम या प्रजातींत जाती वेगळ्या होतात त्या बीजाणूंच्या मापावरून, कवकतंतूंच्या सांध्यांवर गाठी आहेत की नाहीत यावरून, आणि गदापेशींच्या मधून डोकावणाऱ्या वांझ पेशींच्या घडणीवरून. बीजाणूंचे माप काही मायक्रॉनचे. तिथे भिंगाचे काम नाही. मेल्झरच्या आयोडीन द्रावणात बीजाणू निळे होतात की नाही, कॉटन ब्लूमध्ये त्यांची भिंत रंगते का, सल्फोव्हॅनिलिनमध्ये कोणत्या पेशी काळवंडतात, अशा कसोट्या पार पडल्यावरच कोष्टक पुढे सरकते.

त्यांचा दुसरा मुद्दा नैतिक म्हणावा असा आहे. चुकीचे नाव कोरे राहत नाही. ते यादीत जाते, यादीवरून नकाशात, नकाशावरून संवर्धनाच्या निर्णयात. त्यापेक्षा ‘नाव माहीत नाही’ असे लिहिणे बरे. हे म्हणणे मला पटते. त्याची दुसरी बाजूही आहे: अपक्व किंवा जुनाट नमुन्यात बीजाणूच सापडत नाहीत आणि तासाभराच्या कष्टांनंतर सूक्ष्मदर्शकवालाही रिकाम्या हाताने उठतो. शिवाय हे कौशल्य हाताखाली बसून शिकण्याचे. ज्या देशात शिकवणारे मूठभर, तिथे हा नियम काटेकोरपणे लावला तर नोंदीच थांबतात.

दुसरी भूमिका: कामापुरती ओळख

रानातल्या ओळखीचे समर्थक सगळ्या जाती ओळखण्याचा दावा करत नाहीत. ओळख कशासाठी हवी आहे ते आधी ठरवा, असे त्यांचे सांगणे असते.

इमारतीचे लाकूड पाहणाऱ्याला दोन बुरश्यांमधला फरक कळला तरी मोठे काम होते. सर्पुला लॅक्रिमन्सचा थर घड्यांचा, गंजाच्या रंगाचा, पांढऱ्या कडेचा. तिच्या बीजाणूंची लालसर धूळ खोलीभर बसते आणि तिच्या दोऱ्या विटा-चुन्यातून पाणी वाहून नेत पुढच्या लाकडापर्यंत पोचतात. कोनिओफोरा प्युटिआना ऑलिव्ह-तपकिरी, बारीक चामखिळींची, काळपट नाजूक दोऱ्यांची. लाकूड सतत ओले असेल तरच ती तगते. पहिलीसाठी भिंतही उकलावी लागते, दुसरीसाठी गळती बंद केली की बरेचसे भागते. या सर्पुलाचे मूळ रान शोधताना हिमालयाचा धागा पुढे आला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले बागची यांनी 1954 मध्ये तिची हिमालयातल्या जंगलातली नोंद दिली होती, आणि पुढे 1990 च्या दशकात हिमाचलातल्या नारकंडा परिसरात ती पुन्हा सापडली.

वनव्यवस्थापनातले उदाहरणही बोलके आहे. जॉन रिशबेथ या ब्रिटिश अभ्यासकाने पाइन तोडल्यावर उरलेल्या ताज्या बुंध्यांवर फ्लेबिओप्सिस जायगँटिआ ही खपली-बुरशी मुद्दाम लावून मुळे कुजवणाऱ्या हेटेरोबेसिडिऑनला रोखण्याची पद्धत 1960 च्या दशकात रुळवली. ही बुरशी तेव्हा पेनिओफोरा जायगँटिआ होती, मधल्या काळात फ्लेबिया झाली, आता फ्लेबिओप्सिस आहे. बुंध्यावर ती बसली की नाही हे पाहणाऱ्या वनरक्षकाचे काम नावाच्या या कोलांटउड्यांनी अडले नाही.

आपल्याकडचे उदाहरण कोकणात आणि गोव्यात. ऐन पावसात काजूच्या फांद्यांवर आधी कोळिष्टकासारखे पांढरे तंतू, मग गुलाबी थर, वरची पाने पिवळी, शेवटी फांदी वाळलेली: ‘पिंक’ रोग. केरळात रबराच्या बागांतही हाच. श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून बर्कली आणि ब्रूम यांनी या रोगाच्या बुरशीचे वर्णन कॉर्टिसियम साल्मोनिकलर या नावाने केले. नंतर ती फॅनरोकीट झाली, आणि 1985 पासून एरिथ्रिसियम. बागायतदार तिला बांधावरून ओळखतो, फांदी रोगाच्या खाली छाटतो, कापावर बोर्डो पेस्ट लावतो. त्याची ओळख खरी ठरते, कारण झाड ठरलेले आहे, ऋतू ठरलेला आहे आणि त्या जागी त्या रूपात दुसरे काही येत नाही.

संवर्धनातही हेच सूत्र. स्वीडनमध्ये जुन्या, न तोडलेल्या स्प्रूसच्या रानांची खूण म्हणून काही खपली-बुरश्या वापरल्या जातात. त्यांत फ्लेबिया सेंट्रिफ्यूगा आणि वर आलेली सुगंधी सिस्टोस्टेरियम येतात. त्या रानात ओळखता येतात म्हणूनच निवडल्या गेल्या, हे मान्य केले पाहिजे. उरलेल्या, कदाचित अधिक दुर्मीळ, पांढऱ्या जाती या यादीबाहेर राहतात.

तिसरी भूमिका: आधी डीएनए

2012 मध्ये आयटीएस हा डीएनएचा तुकडा बुरश्यांसाठी सर्वसाधारण ओळखपट्टी म्हणून सुचवला गेला आणि रुळला. वाळलेल्या नमुन्याचा कण पाठवला की अक्षरांची माळ परत येते, ती आधी साठवलेल्या माळांच्या भांडाराशी जुळवायची. बीजाणू असोत वा नसोत, कोवळा थर असो वा जुना, फरक पडत नाही.

याने दोन गोष्टी उजेडात आणल्या. पहिली, एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या असणे: कोनिओफोरा प्युटिआना म्हणजे एक जात नव्हे, निदान तीन. दुसरी, काही खपल्या लाकूड खातच नाहीत. टोमेंटेलाचे तपकिरी, गंजकट थर ओंडक्याच्या खाली दिसतात, पण तिचे खरे घर झाडाच्या जिवंत मुळांवर असते. ओंडका तिला बीजाणू धरायला फक्त ओट्यासारखा लाभतो. मुळांच्या टोकांतून डीएनए काढल्यावर ही प्रजाती इतक्या ठिकाणी आणि इतक्या प्रमाणात निघाली, की रानातल्या नोंदींमध्ये तिची गैरहजेरी नजरेत भरू लागली.

पण भांडारही निर्दोष नाही. 2006 च्या एका पाहणीत, सार्वजनिक भांडारांतल्या बुरश्यांच्या नोंदींपैकी सुमारे 20 टक्क्यांपर्यंत जातीचे नाव चुकीचे असू शकते, असा अंदाज निघाला होता. एस्टोनियातून चालणाऱ्या ‘युनाइट’सारख्या निवडक भांडारांनी ही पडझड बरीच सावरली. तरी मूळ पेच राहतोच: जुन्या नावांचे मूळ नमुने शतकाहून जुने, काहींचे तर नाहीतच, मग आजची माळ कोणत्या नावाची, हे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बसूनच ठरवावे लागते.

फोनवरच्या ओळखीबद्दल थोडक्यात. आयनॅचरलिस्टसारख्या मंचांमुळे टेराना किंवा फ्लेबिया रेडिएटा यांसारख्या ठळक जातींचे नकाशे भरत आहेत, आणि ही लहान गोष्ट नाही. यंत्राचा अंदाज मात्र ज्या प्रदेशांतले फोटो जास्त तिथल्या नावांकडे झुकतो. आणि ज्या खुणांवर ओळख टिकते त्या, म्हणजे खालची बाजू, ओरखडा, वास, फोटोत क्वचितच असतात.

भारतातले चित्र

भारतात या बुरश्यांचा पद्धतशीर अभ्यास मुख्यतः हिमालयात झाला. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातली परंपरा, वायव्य हिमालयातल्या चपट्या बुरश्यांवरचा रत्तन यांचा 1977 चा ग्रंथ आणि नंतर पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातले काम ही त्यातली ठळक नावे. महाराष्ट्राच्या बाजूला ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ हा 1987 चा संकलनग्रंथ पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने काढला, आणि 2011 मध्ये महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातल्या फळीसारख्या आणि चपट्या बुरश्यांची एकत्रित यादी प्रसिद्ध झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले अजरेकर कवकसंग्रहालय आणि तिथलाच राष्ट्रीय कवक-संवर्ध संग्रह ही नमुने ठेवण्याची हक्काची ठिकाणे.

यादी असणे आणि रानात वापरता येईल अशी ओळख असणे यांत अंतर आहे. युरोपातली रानातली ओळख चालते त्याचे एक कारण बुरशीपेक्षा झाडांत आहे. तिथे ओक, बीच, हेझल, स्प्रूस, पाइन अशी ओळखीची थोडी झाडे. ओंडका कशाचा हे सालीवरून सांगता येते, आणि झाड कळले की निम्मे उत्तर मिळते. सह्याद्रीच्या एकाच राईत ऐन, किंजळ, जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा अशी कितीतरी झाडे, वर वेली; साल गेलेला ओंडका कशाचा, हे सांगणे स्वतंत्र विद्येचे काम. म्हणून युरोपीय मार्गदर्शक पुस्तके घेऊन इथल्या रानात उतरणे धोक्याचे. रूप जुळते म्हणून नाव जुळवले जाते, आणि ‘युरोपातली जात सह्याद्रीतही’ अशी नोंद तयार होते. चीनच्या युन्नान प्रांतात डीएनएसह पाहणी सुरू झाल्यावर गेल्या दशकात नव्या जाती सतत निघत आहेत. तसे इथे होणार नाही, असे मानायला काही आधार नाही.

काय उरले आहे

जातीपर्यंत जायचे की गटापाशी थांबायचे, हा पहिला उघडा प्रश्न. ‘व्यापक अर्थाने अमुक’ असे गटनाव लिहिणे अनेकांना पळवाट वाटते. दुसऱ्यांना तीच प्रामाणिक नोंद वाटते. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, एका अटीवर: कोणत्या खुणांवरून गट ठरवला ते सोबत लिहिलेले असावे.

डीएनएने फोडलेल्या जातींना रानातल्या खुणांची जोड देता येईल का, हा दुसरा. काही ठिकाणी झाड, प्रदेश किंवा कडेची घडण पाहून फोड मागाहून ओळखता आली आहे. काही ठिकाणी बाहेरून काहीच फरक सापडलेला नाही. सरसकट उत्तर मिळण्याची चिन्हे नाहीत.

तिसरा प्रश्न नियमांचा. मातीतून, लाकडातून, हवेतून मिळणाऱ्या अनेक डीएनए-माळांना शरीरच नाही, म्हणजे कुणी थर पाहिलेला नाही. केवळ अशा माळेवरून जातीला अधिकृत नाव द्यावे का, यावर 2018 मध्ये प्वेर्तो रिकोच्या सान हुआन इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कवकशास्त्र परिषदेत चर्चा झाली आणि प्रस्ताव मंजूर झाले नाहीत. वाद संपलेला नाही. यातल्या कित्येक अनाम माळा ओंडक्याखालच्या त्याच पांढऱ्या थरांच्या असणार, आणि त्यांना शरीर मिळवून देण्याचे काम रानात हिंडणाराच करू शकतो.

सगळ्या बाजू तपासल्यावर माझे मत असे: उत्तर युरोपात काही डझन खपली-बुरश्या रानात खात्रीने ओळखता येतात, बाकीच्यांची प्रजाती किंवा गट सांगता येतो, आणि मोठ्या उरलेल्या भागाला सूक्ष्मदर्शक आणि डीएनए दोन्ही लागतात. सह्याद्रीसाठी अशी यादी अजून कुणी पारखून तयार केलेली नाही. ती झाल्यावाचून इथे जातीची नावे जपूनच वापरावीत.

तोवर हौशी मंडळींना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. थर सापडला की वरून, खालून आणि कडेचा फोटो घ्यावा. झाड, कुजेचा प्रकार, वास, ओरखड्याचा आणि द्रावणाचा परिणाम तिथेच लिहावा. अभयारण्यात किंवा राखीव वनात वनविभागाच्या परवानगीशिवाय काही उचलू नये. परवानगी असेल किंवा जागा आपली असेल, तर लाकडासकट बोटभर तुकडा प्लॅस्टिकमध्ये न ठेवता कागदी पुडीत घ्यावा. पावसाळी हवेत तो वाळत नाही, म्हणून डब्यात सिलिका जेल घालून त्याच दिवशी वाळवावा, आणि तारीख-ठिकाणासह जवळच्या महाविद्यालयात किंवा पुण्याच्या संग्रहालयात पोचवावा. नाव नंतर ठरले तरी चालेल.